चार रिकामे रकाने

'यादी देता येत नाही' असं समतोलकाच्या पडद्यावर उमटलं, तेव्हा सोहम ढोमणे चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट चहातच राहिलं.

साल २०५८, जानेवारी. स्थळ अमरावतीची क्रीडागणित प्रयोगशाळा. ढोमणे सर शहराच्या बाल सॉफ्टबॉल लीगचे सचिव, आणि त्याच लीगमधल्या निळ्या संघाचे प्रशिक्षकही. लीगमध्ये संघ चार, मुलं-मुली छप्पन्न, वयं दहा ते तेरा. निळा संघ लागोपाठ तीन वर्षं जिंकला होता, आणि सचिवसाहेब चांगली पोरं आधी वेचून घेतात असं गावभर झालं होतं. ते तसं करत नव्हते, पण जिंकणाऱ्याचं कोण ऐकतं? मागच्या हंगामात हिरव्या संघाचे पालक तिसऱ्या डावातच आपापली पोरं मैदानातून उठवून घेऊन गेले. पुन्हा असं झालं तर लीग मोडणार हे उघड होतं.

म्हणून ढोमणे सरांनी स्वतःच ठराव मांडला होता: यंदा संघ माणसांनी नाही, समतोलक या यंत्राने पाडायचे. 'समतोलकाची यादी अंतिम राहील. अर्ध्या हंगामानंतर ती सुधारायची तर तोच सुधारेल. सचिवांसह कोणालाही तीत बदल करता येणार नाही.' यातल्या 'सचिवांसह' या शब्दाचा त्यांना फार अभिमान होता.

"काय अडलं?" डॉ. अयान शेख यांनी विचारलं. खेळताना मुलांचे स्नायू आणि नसा काय करतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय.

"रकाने रिकामे आहेत. चार," डॉ. ऋजुता वानखडे म्हणाल्या. समतोलक त्यांनी बांधला होता, त्यामुळे त्याचे नखरेही त्यांनाच सोसावे लागत.

"मले समजन असं सांगा, मॅडम," ढोमणे सर म्हणाले.

"सर, तुम्हाला वाटतं की प्रत्येक मुलाला गुण द्यायचे, बॅटिंगला इतके, फेकीला इतके, आणि त्या गुणांचे चार सारखे वाटे करायचे. आम्हीही सुरुवातीला तेच केलं. वाटे सारखे झाले, सामने मात्र एकतर्फीच राहिले."

"काऊन?"

"कारण मुलाचा सगळा खेळ मुलाच्या अंगात नसतो. थोडा आजूबाजूच्या माणसांत असतो. समोर चेंडू झेलायला अमका कॅचर असला की तमकी पोरगी जोरात फेकते, आणि दुसरा एखादा पहिल्या बेसवर उभा राहिला की तिचा हात आखडतो. याला आम्ही सहवासभार म्हणतो. तो धन असतो किंवा ऋण. मुलांच्या मनगटपट्ट्यांवर तीन वर्षांच्या नोंदी आहेत. ती व्यक्ती जवळ असताना खेळ किती, नसताना किती, आणि मग वजाबाकी. एवढंच आहे ते."

"मंग अडचण कोनती?"

"वजाबाकीला दोन आकडे लागतात," अयान म्हणाले. "तुमची शर्वी तुमच्याशिवाय एकही सामना खेळलेली नाही."

ढोमणे सर हसले. लीगची रीतच होती ती. प्रशिक्षकाचं पोरगं प्रशिक्षकाच्या संघात. कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि त्यावर कधी कोणी चर्चाही केली नव्हती. मैदानावर एकाच गाडीतून यायचं आणि एकाच गाडीतून घरी जायचं, मग संघ वेगळे कशाला? चारही प्रशिक्षकांची एकेक मुलं लीगमध्ये होती आणि चौघंही आपापल्या आईच्या किंवा वडिलांच्या संघात होती. बाकीची बावन्न मुलं दरवर्षी इकडची तिकडे झाली होती. ही चार कधीच हलली नव्हती.

"गेल्या वर्षीच्या चाचणीत मी या रकान्यांत शून्य भरलं," ऋजुताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "रिकामं म्हणजे शून्य नव्हे, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. आणि स्वतःच भरून मोकळी झाले. आता तो ऐकत नाही. चारपैकी निदान एक जोडी फोडा, म्हणजे खरा आकडा मिळेल. त्यावरून तो उरलेल्या तिघांचा अंदाज बांधेल."

"त्यात काय फोडाचं? माझ्या रकान्यात अधिकचं चिन्ह टाका नं बिनधास्त. चार वर्षं झाले, रोज सकाळी पन्नास फेकी करून घेतो मी तिच्याकडून."

चिन्ह असं टाकता येत नाही, हे त्यांना दोघांनी मिळून पटवलं. मग सरांनी बाकीच्या तिघांना फोन लावले. लाल संघाच्या गौरी इंगोले म्हणाल्या, माझा मुलगा मला सोडून राहत नाही. हिरव्याच्या सरांना नेमकी तेव्हाच रेंज मिळेना. पिवळ्याचे भुयार सर म्हणाले, "ठराव तुमचा, तं पोरगीही तुमचीच जाऊ द्या." ढोमणे सरांनी फोन ठेवला.

त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. शर्वी तेरा वर्षांची होती, म्हणजे लीगमधलं हे तिचं शेवटचं वर्ष. नवव्या वर्षापासून त्यांनी तिच्या हातात चेंडू दिला होता. निदान शेवटचा हंगाम आपण एका बाकावर बसू, एवढीच त्यांची इच्छा होती. पण 'सचिवांसह' हे त्यांनीच लिहिलं होतं. शर्वीच्या जागी निळ्यात लालची एक मुलगी आली आणि शर्वी लालमध्ये गेली.

जेवताना त्यांनी तिला हे सांगितलं. ती थोडी रडेल अशी त्यांची आशा होती.

"लाल?" शर्वीने विचारलं. "मंग ड्रेस नवा भेटन नं?"

एक जोडी फुटली तशी समतोलकाने यादी दिली आणि हंगाम सुरू झाला. लाल संघ पाचपैकी पाच सामने जिंकला.

शर्वी आजवर बेताचीच पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, होती. घरी सुरेख फेकायची, सामन्यात मात्र चेंडू बाहेर जायचा. पोरीत हुन्नर आहे, धीर नाही, असं सरांचं मत होतं आणि ते त्यांनी बऱ्याच लोकांना सांगून ठेवलं होतं. आता तीच पोरगी एकामागून एक खेळाडू बाद करत होती. निळ्याविरुद्धच्या सामन्यात सर समोरच्या बाकावरून बघत होते. दोन फेकींच्या मध्ये शर्वी कॅचरला काहीतरी ओरडून सांगायची आणि हसायची. तीन वर्षांत सरांनी तिला मैदानावर हसताना पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं, हेसुद्धा त्यांना आत्ता कळत होतं.

लाल फार पुढे गेला. ठरावाप्रमाणे समतोलकाने अर्ध्या हंगामाची सुधारित यादी काढली. तीत एकच अदलाबदल होती: निळ्यातली ती मुलगी परत लालमध्ये आणि शर्वी ढोमणे परत निळ्यात.

ढोमणे सर पेढे घेऊनच प्रयोगशाळेत पोचले. "मशीनले बी समजलं बाप्पा! बाप-लेकीले वेगळं नाही कराव." दोघांच्या हातांवर त्यांनी पेढे ठेवले. अयाननी पेढा खाल्ला नाही. हातात धरून ते ऋजुताबाईंकडे बघत राहिले.

"सर, बसा," ऋजुताबाई म्हणाल्या. "तिला परत का पाठवलं ते सांगते. लालचं पारडं जड झालंय, आणि जड झालंय ते शर्वीमुळे. समतोल साधायचा तर तिचा खेळ कमी व्हायला हवा. तो कमी होईल अशी जागा सबंध लीगमध्ये एकच आहे."

"कोनती?"

"तुमचा बाक."

सरांच्या लक्षात यायला वेळ लागला. "आकडा किती?"

"वजा छत्तीस. तुम्ही तिच्या बाजूला असलात की ती छत्तीस टक्के कमी खेळते."

"मी आजवर कधी ओरडलो नाही तिच्यावर."

"नाहीच ओरडलात. नोंदींत आणि सामन्यांच्या चित्रफितींत सगळं दिसतं," अयान म्हणाले. "प्रत्येक फेकीआधी ती तुमच्याकडे बघते. तुम्ही मान हलवता. तेवढ्यात तिचं मनगट आवळतं. पाऊण सेकंद फक्त. बाकीच्या मुलांवरचा तुमचा भार उत्तम आहे, म्हणून तर निळा जिंकायचा. तिला मात्र तुम्हाला निराश करायचं नसतं."

ढोमणे सरांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या पन्नास-पन्नास फेकींच्या सगळ्या सकाळी आठवल्या. पेढ्यांचा पुडा त्यांनी बंद केला, परत उघडला. मग ते मास्तर माणूस असल्यामुळे गणिताकडे वळले.

"मॅडम, बाकीच्या तिघांच्या रकान्यांत काय धरलं यानं?"

"शर्वीचाच आकडा. अंदाजाने."

"म्हंजे चारही पोट्ट्यांवर मायबापाचं सारखं वजन, तं समतोल?"

"हो."

"आन् चौघांवरचंही काढलं तं?"

ऋजुताबाईंनी बोटांनी पडद्यावर चार नावं हलवली. आकडे फिरले, थांबले. "तोही समतोल," त्या हळूच म्हणाल्या. "वर छप्पन्नच्या छप्पन्न मुलांचा मिळून खेळ वाढतो."

"मंग यानं हे काऊन नाही सांगितलं आधी?"

"कमीत कमी बदल शोध, असं त्याला आपणच सांगितलंय. एक अदलाबदल कमी की तीन? दोन्ही याद्या त्याच्याच आहेत, सर. पण दुसरीत बाकीच्या तिघांचीही मुलं हलतात, त्यांनी हो म्हणायला हवं."

रविवारी सकाळी सरांनी तिन्ही प्रशिक्षकांना मैदानावर बोलावलं. सबंध गावात आपण उत्तम प्रशिक्षक म्हणून मिरवलो, आणि घरातल्या एकाच पोरीला छत्तीस टक्क्यांनी मागे ओढलं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आकड्यासकट सांगितलं.

गौरी इंगोले म्हणाल्या, "तुमचा छत्तीस, तं माझा साठ निघन. मी तं ओरडतेही." हिरव्याचे सर एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. भुयार सर तेवढे अडून बसले होते. माझं पोरगं माझ्यामुळेच खेळते, असं त्यांचं म्हणणं. पण तिघांपुढे एकट्याचं काय चालणार? उरलेली तिन्ही मुलंही हलली.

दोन सामन्यांत रकाने भरले. इंगोलेबाईंचा आकडा वजा वीस, हिरव्याचा वजा एकतीस. आणि भुयार सरांचा? अधिक अकरा! पोरगं खरोखरच बापाजवळ जास्त चांगलं खेळत होतं. समतोलकाने त्याला मुकाट्याने पिवळ्यात परत पाठवलं, दोन-चार मुलं इकडेतिकडे करून हिशेब जुळवला, आणि भुयार सर पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला तो आकडा सांगत सुटले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

त्यानंतरच्या सामन्यांची गंमत काय सांगावी! मैदानावरच्या फलकावर समतोलक सामन्याआधी भाकीत दाखवायचा. ते आता रोज एकच असायचं: 'सांगता येत नाही.' लोक ते वाचून टाळ्या वाजवायचे. सामने एका धावेने, दोन धावांनी सुटू लागले. तिसऱ्या डावात उठून जायचं कोणाच्या मनातही येईना, उलट जागा धरायला लोक लवकर येऊ लागले.

अंतिम सामना निळा विरुद्ध लाल असा जुळून आला. शेवटचा डाव. लाल एका धावेने पुढे, निळ्याची दोन मुलं बाद, एक धावपटू तिसऱ्या बेसवर. बॅट निळ्याच्या सर्वांत पक्क्या मुलीच्या हातात. चेंडू शर्वीच्या. तीन बॉल, म्हणजे चुकलेल्या फेकी, झाले, दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले फटके, झाले. आणखी एक स्ट्राइक की चषक लालचा.

ढोमणे सरांनी वेळ मागून घेतला आणि आपल्या खेळाडूच्या कानात सांगितलं, "तीन-दोन झाले की ती खाली पडनारा बॉल टाकते. जोरात येईन, पायाशी पडन. तेवढा सांभाळ. मीच शिकवला तिले."

शर्वी फेकीच्या जागेवर उभी राहिली. सवयीने तिने बापाकडे पाहिलं. सरांनी मान हलवली नाही. ते प्रतिस्पर्धी होते. त्यांनी तिला अंगठा खाली करून दाखवला आणि दात काढले. शर्वीही हसली. हात मागे गेला, जोरात फिरला, अगदी पडणारा बॉल टाकताना फिरायचा तसाच फिरला. आणि चेंडू आला तो असा आळसावलेला, संथ, कंबरेच्या उंचीने, की निळ्याच्या मुलीची बॅट तो पोचण्याआधीच पूर्ण फिरून गेली.

"स्ट्राइक! आऊट!"

लालची सगळी मुलं शर्वीच्या अंगावर कोसळली. निळ्याच्या बाकावरून एक माणूस टोपी हवेत उडवत मैदानात धावला, तो निळ्याचाच प्रशिक्षक होता. "मी नाही शिकवला!" ढोमणे सर पंचांना धरून सांगत होते. "साहेब, हा बॉल मी शिकवलाच नाही तिले!" पंचांना वाटलं, हे तक्रार करताहेत.

गर्दी पांगली, चषक हातोहात फिरून झाला. मग शर्वी धुळीने माखलेला लाल ड्रेस झटकत बापाजवळ आली.

"कोनी शिकवला तो?"

"कोनीच नाही, बाबा. तुम्हाले कोनता बॉल वळखू येनार नाही, तो शोधत होते महिनाभर."

सरांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. इतका आनंद त्यांना तीन वर्षं जिंकूनही झाला नव्हता.

"मले शिकव बरं एकदा," ते म्हणाले.

शर्वीने चेंडू त्यांच्या हातात दिला. "असा नाही धराचा, बाबा. बोटं सैल सोडा. आन् माझ्याकडे नका पाहू सारखं, तिकडे पाहा."

सरांनी पहिली फेक केली. ती थेट कुंपणापलीकडे गेली. "पन्नास वेळा करा, जमन," शर्वी म्हणाली आणि दुसरा चेंडू आणायला पळाली.