कोपऱ्यातल्या बाकावरची घोषणा

जुन्या प्रतीक्षागृहात कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या पाच प्रवाशांनी गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा ऐकली. त्याच प्रतीक्षागृहात बसलेल्या इतर कोणीही ती ऐकली नाही.

फलाट प्रत्यक्षात बदललेला नव्हता. पाचही जण धावत सुटले आणि त्यांतले एक आजोबा पुलाच्या जिन्यावरून कोसळले. खुब्याचे हाड मोडून ते रुग्णालयात पडले होते. आवाज घोषणा करणाऱ्या नेहमीच्या बाईंचाच होता, असे पाचही जणांनी शपथेवर सांगितले. त्या बाई म्हणजे भिंगची मावशी.

भिंग हे काही तिचे खरे नाव नव्हे. जाड चष्मा आणि प्रत्येक वस्तू नाकाला टेकवून पाहण्याची खोड, यांमुळे मावसभावाने ते तिला चिकटवले होते. तिनेही हिशेब चुकता करून त्याला ‘भोंगा’ म्हणायला सुरुवात केली, कारण हळू बोलणे त्याच्या घशाला ठाऊकच नव्हते. भिंगचा धाकटा भाऊ ताईचा पिच्छा सोडत नसे, म्हणून तो शेपूट. सुट्टीत तिघांनी मिळून ते शंभरीपार स्थानक पालथे घालायचे, असा बेत होता. आता बेताचे कोणी नावही काढत नव्हते. अपघात झाल्यापासून भोंग्याने जेवताना पाणीसुद्धा खुणेने मागितले होते.

स्थानकप्रमुखांच्या मते प्रकरण सरळ होते. तंत्रज्ञाने सगळे ध्वनिक्षेपक तपासले होते आणि एकही बिघडलेला नव्हता. घोषणाकक्षात प्रत्येक भागासाठी वेगळे बटण असते. तेव्हा बाईंनी चुकून फक्त प्रतीक्षागृहाचे बटण दाबून भलताच फलाट सांगितला असणार. इतरांनी गोंगाटात लक्ष दिले नसेल. उद्या सकाळी चूक कबूल केली तर समज देऊन सोडू, नाही तर नोकरी जाईल, असे त्यांनी बजावले होते.

भिंगला सर्वांत वाईट याचे वाटले की मावशीचाच स्वतःवरचा विश्वास ढळू लागला होता.

“पाच माणसं खोटं कशाला बोलतील गं?” पुसून झालेले ताट पुन्हा पुसत मावशी म्हणाली. “गेलं असेल माझ्याच तोंडून. दिवसभर तेच तेच बोलायचं, काय बोलले ते आठवतं थोडंच?”

भोंगा उठून बाहेर गेला.

पाच जण खरे बोलत आहेत, हे भिंगलाही पटत होते. पण मग काहीच न ऐकलेले पन्नास-साठ जण तरी खोटे कसे ठरतात? दोन्ही बाजू खऱ्या असतील, तर फरक माणसांत नसून जागेत असला पाहिजे.

“भूत असेल,” शेपटाने सुचवले.

“भुताला गाड्यांची नावं पाठ असतात होय रे?” भिंगने चपला घातल्या. “चल, तूही चल. कान जितके जास्त तितके बरे.” बाहेर बसलेल्या भोंग्यालाही तिने सोबत घेतले.

प्रतीक्षागृह दगडी होते. चारही कोपऱ्यांतून जाड कमानी वर चढत आणि छताच्या मध्यावर एकमेकींना ओलांडून समोरच्या तिरक्या कोपऱ्यांत उतरत. छताची दुरुस्ती चालली असल्याने अर्ध्या खिडक्या झाकलेल्या होत्या, आणि हवेत चुन्याचा वास होता. भिंग कोपऱ्यातल्या बाकावर बसली. भोंगा खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि शेपूट दाराशी.

बराच वेळ काही घडले नाही. शेपूट जांभया देऊ लागला. तेवढ्यात भिंगच्या कानाशी कोणीतरी बोलले. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द सुटा ऐकू आला. एक गाडी सहा क्रमांकाच्या फलाटावर येत होती. आवाज मावशीचा होता, आणि मावशी तर घरी ताटे पुसत होती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरीही आधी तिने इतर दोघांना विचारले. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते. मग तिने भोंग्याला बाकावर बसवले आणि स्वतः मध्ये जाऊन उभी राहिली. या वेळी भोंग्याचा चेहरा पांढरा पडला आणि तिला काही ऐकू आले नाही. शेपटाला बसवले, तेव्हा फक्त शेपटाला ऐकू आले. एकदा-दोनदा नव्हे, दर वेळी बाकावर जो बसेल त्यालाच.

“आईचा आवाज आहे,” भोंगा म्हणाला. बऱ्याच वेळाने फुटलेला त्याचा आवाज घोगरा झाला होता. “म्हणजे तीच...”

“ती इथे नाहीये. डोकं चालव,” भिंग म्हणाली खरी, पण तिचेही डोके चालत नव्हते. ती कमानीकडे पाहत राहिली. आवाज कुठूनतरी इथे येतो, तर इथला आवाजही तिथे जात असेल. तिने भोंग्याला बाकामागच्या भिंतीकडे तोंड करून हळू बोलायला सांगितले.

“काय बोलू?”

“जे पोटात आहे ते.”

भोंग्याने कपाळ दगडाला टेकवले. आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजला. “माझी आई चुकलेली नाही.”

शेजारच्या बाकावरच्या माणसाने मानही वळवली नाही. पण समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, माथ्यावर उघड्या असलेल्या लाकडी आडोशामागून तंत्रज्ञाने डोके बाहेर काढले आणि आपल्या पाठीमागे कोण उभे आहे ते पाहिले. तिथे कोणीही नव्हते.

शेपूट मावशीला आणायला पळाला. भिंग स्थानकप्रमुखांकडे गेली. त्यांनी आधी मुलांच्या रिकामपणावर थोडे प्रवचन दिले. ते संपेपर्यंत ती थांबली.

“साहेब, मावशीला दोषी ठरवण्याआधी तुम्ही त्या बाकावर एकदा तरी बसला होतात का?”

ते बसले नव्हते. ही पोर एकदाची टळावी म्हणून ते आले आणि बाकावर टेकले. मावशी त्यांच्यासमोर ओठ घट्ट मिटून उभी होती. थोड्या वेळाने मावशीच्याच आवाजाने स्थानकप्रमुखांना सांगितले की गाडी फलाट दोनवर येत आहे. त्यांनी मावशीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिले. मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

“आम्ही यंत्रं तपासली,” ते म्हणाले. “जागा तपासली ती या मुलांनी. बाई, मी तुमचा अपराधी आहे.”

आडोशामागून आलेला तंत्रज्ञ घामाघूम झाला होता. त्याला स्थानकाचे ध्वनिक्षेपक तपासायला सांगितले होते. आपल्या टेबलावरचा स्पीकर त्याने त्यांत धरलाच नव्हता.

मावशी हसली नाही. “त्या आजोबांना आत्ता कळवा,” ती म्हणाली. “आपल्याला भास झाला, असं त्यांना वाटत असेल.”

कारण असे होते. दुरुस्तीमुळे तंत्रज्ञाचे टेबल प्रतीक्षागृहाच्या कोपऱ्यात हलवले होते. नव्या घोषणायंत्रासाठी मावशीच्या आवाजात गाड्यांची नावे आणि आकडे सुटे सुटे ध्वनिमुद्रित केलेले होते. ते नीट जुळतात का हे पाहण्यासाठी तंत्रज्ञ कोणत्याही गाडीला कोणताही फलाट जोडून ऐकत असे. प्रवाशांना त्रास नको म्हणून त्याने स्पीकरचा आवाज लहान ठेवला होता आणि तोंड भिंतीकडे वळवले होते. त्या भिंतीतूनच कमान निघत होती. आवाज कमानीच्या वळणाला धरून छतापर्यंत चढला, पलीकडे उतरला आणि समोरच्या कोपऱ्यातल्या बाकावर पोहोचला.