दोन मिनिटांच्या शांततेत आलेला संदेश

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

नागपूरच्या रामदासपेठेतले मार्तंड डबीर खोटं बोलत नाहीत. चौकशी न करता बोलतात, ते वेगळं.

गेल्या डिसेंबरातला रविवार. संध्याकाळ. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, वर गच्ची, गच्चीवर ताणलेली एक तार. सोसायटीतल्या बायकांनी तिच्यावर दोनदा चादरी वाळत घातल्या होत्या. ती मार्तंडरावांची अँटेना.

मार्तंडराव हॅम होते. म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे. अलीकडे मात्र ते बोलत नसत. संगणकावर टाईप करत. सेट त्या अक्षरांची बारीक शिट्टी करून हवेत सोडे आणि पलीकडच्याच्या पडद्यावर ती पुन्हा एकेक अक्षर होऊन उमटे. या पद्धतीला पीएसके म्हणतात. माणसाचा आवाज ऐकावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

हा नाद त्यांना लावला वामनकाकांनी. सावनेरचे वामनराव ढोबळे, चष्म्याचं दुकान. मार्तंडरावांची पहिली नोकरी सावनेरला होती. तेव्हा काकांनी चष्म्याच्या डबीनं काउंटरवर टकटक करून त्यांना मोर्स शिकवलं होतं आणि प्रयागकाकूंनी जेवू घातलं होतं.

नंतर बदली झाली. जाणं सुटलं. फोन सुटला. उरलं ते संध्याकाळचं पीएसके.

काकांची शिट्टी पडद्यावर रोज एका बारीक पिवळ्या रेषेसारखी दिसे.

"जेवला का गा?"

"हो काका. तुम्ही?"

मग त्र्याहत्तर. हा आकडा म्हणजे हॅम लोकांचा सप्रेम नमस्कार. संपलं.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी रेषा थरथरत होती. अक्षरं गळत होती.

"......बंद पडला......आता......भेट नाही......"

आणि शेवटी, अगदी स्वच्छ...

"एसके."

मार्तंडराव खुर्चीत ताठ झाले.

जुन्या मोर्सवाल्यांच्या भाषेत एसके म्हणजे 'माझं बोलणं संपलं'. काका ते रोज त्र्याहत्तरच्या मागे लावत; आज त्र्याहत्तर आलंच नव्हतं. पण हीच दोन अक्षरं हॅम लोक मेलेल्या माणसाच्या नावापुढे लावतात. सायलेंट की. ज्याची कळ कायमची गप्प झाली, तो.

मेलेला माणूस स्वतःची बातमी स्वतः कशी देईल, ही शंका त्यांना आली. तिचं उत्तरही त्यांनीच काढलं. घरच्या कोणीतरी काकांच्या सेटवरून कळवलं असणार. बंद पडला, तो श्वास. आता भेट नाही.

शनिवारी ते नेहमीच्या वेळी बसले.

पडदा काळा होता.

इतर रेषा होत्या. ती नव्हती.

रात्री त्यांनी हॅम मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'आपले सर्वांचे गुरू वामनराव ढोबळे, सावनेर, एसके. शेवटचा संदेश मला.' हात जोडलेल्यांची रांग लागली. काकांकडे साधा फोन, त्यामुळे ते ग्रुपवर नव्हते.

"अहो, फोन केला का काकूंना?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"दुःखाच्या घरी फोन करून काय बोलायचं?"

"निदान कसे गेले, ते तरी?"

"अरुंधती, ही वेळ चौकशीची नाही."

रविवारी पाच वाजता दिवाणखान्यात शोकसभा झाली. काकांचा फोटो मोठा करून आणला होता. झेंडूचा हार. समोर मंडळाची सात-आठ माणसं. बाकीची हवेत, आपापल्या सेटवर. मार्तंडराव जे बोलत, ते मंडळाचा सचिव दुर्गेश भराभर टाईप करून हवेत सोडत होता.

मार्तंडराव पाऊण तास बोलले. काका आपल्याला मुलासारखे मानत, इथे त्यांचा गळा दाटून आला. आपलं जाणं-येणं शेवटपर्यंत होतं, हेही ते म्हणून गेले.

अरुंधतीबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"आता दोन मिनिटं शांतता," मार्तंडराव म्हणाले. "इथे आणि हवेतसुद्धा. कोणीही ट्रान्समिट करणार नाही."

सगळे उभे राहिले.

स्पीकरमधून नुसती खरखर.

आणि मग खरखरीच्या मागून...

एक शिट्टी.

बारीक. ओळखीची.

पडद्यावर पिवळी रेषा उगवली होती. सावनेरहून येणारी रेषा नेहमी फिकट असे. ही जाड होती. झळझळीत. जणू पाठवणारा याच खोलीत उभा आहे.

आधी कॉल साइन, म्हणजे हॅमचं परवान्यावरचं सांकेतिक नाव, आलं. वामनकाकांचं.

मग एकेक अक्षर...

"अ रे रे..."

"को ण  गे लं ?"

कोणीतरी खुर्चीला धडकलं. दुर्गेशनं कीबोर्डवरून हात असे काढले, जणू तवा तापला आहे.

शिट्टी थांबली. पुन्हा सुरू झाली.

"जे व ला  का  गा ?"

मार्तंडराव सकाळपासून जेवले नव्हते. शोकसभेचं भाषण लिहीत होते.

"ये सिग्नल सावनेर का नहीं है भाऊ," दुर्गेश पुटपुटला. "हा जवळचा आहे. खूप जवळचा."

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. मग सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

मार्तंडराव गाडी काढायला निघाले. आत्मा अस्वस्थ आहे, हे उघड होतं. आपण दर्शनाला गेलो नाही. मातीला गेलो नाही. अरुंधतीबाईंनी हातात डबा दिला. पिठलं-भाकरी. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कडू भाकर नेतात, ती.

"आधी फोन करा," त्या म्हणाल्या.

"आता समोरच जातो ना."

कोराडीच्या चिमण्या धुरात अर्ध्या बुडाल्या होत्या. समोरून नागपूरकडे जाणारी एसटी आली. गाडीचा उजेड तिच्या खिडक्यांवरून सरकला...

तिसऱ्या खिडकीत मफलर. जाड चष्मा.

वामनकाका.

ते सरळ मार्तंडरावांकडे बघत होते.

पुढचा रस्ता त्यांनी कसा कापला, त्यांना आठवत नाही. तोंडानं रामरक्षा चालू होती. मध्येच ती मोर्समध्ये चालू झाली.

सावनेरला दुकान बंद. मागच्या घरात दिवा. बाहेर चपला नाहीत. रडणं नाही. माणसं नाहीत.

दार प्रयागकाकूंनी उघडलं. मार्तंडराव मान खाली घालून उभे राहिले. डोळ्याला डोळा देण्याची हिंमत नव्हती.

"मार्तंड? काहून गा, इतक्या वर्षांनी?"

"काकू... काका..."

"ते गेले नं."

"माहीत आहे, काकू." त्यांचा आवाज फुटला. "मी यायला हवं होतं."

"तू कायले येतं? तुह्याकडंच तं गेले."



हळूहळू त्यांनी मान वर केली. काकूंच्या कपाळावर कुंकू होतं. रुपयाएवढं. ओलं.

"सेट दुरुस्तीले टाकला होता नागपूरले, तो आणाले गेले. मन्ले, येता येता मार्तंडच्या घरी जातो. पोरगं फोन करत नाही, काही दुखलं-खुपलं त नसन." काकूंचं लक्ष डब्याकडे गेलं. त्यांनी झाकण उघडलं. पिठलं पाहिलं. भाकरी पाहिली. मग मार्तंडरावांच्या अंगावरचा पांढरा सदरा पाहिला.



"हे कोणासाठी आणलं गा?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अरुंधतीबाई.

"या घरी," त्या एवढंच म्हणाल्या. "पाहुणे आलेत. फोटो काढायला वेळ मिळाला नाही."

मार्तंडराव परतले तेव्हा वामनकाका स्वतःच्या फोटोखाली बसून पोहे खात होते. शेजारी खोक्यात दुरुस्त झालेला सेट आणि लॅपटॉप.

"ये," काका म्हणाले. "फोटो चांगला आहे बरं. हार मात्र झेंडूचा. एवढंच का गा?"

मार्तंडराव दारातच उभे.

"काका, तुम्ही लिहिलं, बंद पडला..."

"सेटचा पंखा बंद पडला. आता काही दिवस भेट नाही. तुह्याकडं 'सेटचा पंखा' आला नाही अन् 'काही दिवस' आले नाही. मधले शब्द गळले त विचारावं नं."

"पण शेवटी एसके..."

"जलमभर मी एसके लिहून राहिलो. माहं बोलणं संपलं म्हनून. तुह्याकडं माणूसच संपला." काकांनी लिंबू पिळलं. "मी मेलो अन् मलेच सांगतलं नाही तुम्ही लोकायनं."

मार्तंडरावांना मघाचं भाषण आठवलं. मुलासारखा, पाऊण तास, गळा दाटणं, सगळं या माणसाबद्दल, याच खोलीत. 

मग आणखी एक गोष्ट आठवली. 

"काका... सेट दुरुस्तीत होता. तुम्ही एसटीत होता. मग पाच पंचेचाळीसला तुमच्या नावानं... कोण..."

काकांचा चमचा थांबला.

"काय आलं?"

"'अरेरे, कोण गेलं?' आणि... 'जेवला का गा?'"

खोलीत पंखासुद्धा नव्हता चालू. तरी हाराचं एक फूल खाली पडलं.

काकांनी लॅपटॉप उघडून मार्तंडरावांकडे सरकवला. वर बटणांची रांग होती. एक बटण दाबलं की ठरलेलं वाक्य आपोआप जातं, टाईप करावं लागत नाही.

एफ-चार : जेवला का गा?

एफ-सहा : अरेरे, कोण गेलं?

"या वयात हे रोजच विचारा लागते," काका म्हणाले. "किती टाईप करू?"

मार्तंडराव एफ-चारकडे बघत राहिले. इतकी वर्षं रोज संध्याकाळी आलेली ती विचारपूस.

"आता तू सांग," काका शांतपणे म्हणाले. "'हो काका, तुम्ही?' हे तुह्याकडं कोणत्या बटणावर आहे?"

एफ-दोनवर.

मार्तंडरावांनी स्वतःच्या संगणकाचा पडदा हळूच बंद केला. 

दुसऱ्या दिवशी ते दुरुस्तीवाल्या जितेंद्रकडे गेले. त्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तोही परवानाधारक हॅम. काका यायच्या आधी सेट तपासताना त्यानं त्यांच्या लॅपटॉपवरची बटणं दाबून पाहिली होती. कॉल साइन बदलायचं राहून गेलं. नजर मीटरच्या काट्यावर होती, पडद्यावर नव्हती. शोकसभेचं त्याला माहीत नव्हतं, कारण मार्तंडरावांच्या रोजच्या सुप्रभातांमुळे त्यानं ग्रुप बंद करून ठेवला होता.

सगळं जुळलं. एक सोडून.

ती अस्वस्थता मार्तंडरावांच्या मनातून अजून जात नाही. एवढी मोठी संध्याकाळ असताना, नेमकं त्या दोन मिनिटांतच त्यानं बटण का दाबावं? एवढं त्यांनी जितेंद्रला विचारलंच.

"भाऊ," जितेंद्र सोल्डरिंग करता करता म्हणाला, "पाऊण तास कोणाची तरी शिट्टी थांबेना. तेवढाच वेळ फ्रिक्वेन्सी रिकामी होती."