झाडूंची खोली

मुलुंडच्या मासळी बाजारामागचं सार्वजनिक शौचालय. पुरुषांचे संडास सहा, मुताऱ्या चार. बायकांचे संडास तीन, त्यातला एक तुंबलेला. सर्वांसाठी म्हणून बांधलेलं तिसरं दार एक. त्याला कुलूप, फटीतून आत दोन झाडू.

सार्वजनिक शौचालयांची पाहणी करणाऱ्या आमच्या गटासाठी मी हे मोजत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "झाडूंची सोय झकास आहे, ना?"

मी वळले. दुमडलेल्या बाह्या, मनगटावर चिकटलेला माशाचा खवला... आणि हसरे डोळे. मी आकडा विसरले.

तो प्रांजल. बाजारात मासे विकणाऱ्या मंजुळामावशीचा भाचा, तिच्या पाटीवर मासे कापून द्यायचा.

"घरच्यांनी मुलगी समजून बारसं केलं," तो सहज म्हणाला. "मी मुलगा आहे. आता बाजाराला कळलंय, फक्त या दोन दारांना नाही." पुरुषांकडे गेला की धक्के, बायकांकडे गेला की आरडाओरडा.

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने मान हलवली.

"उष्टी नाहीये रे."

"तुझी उष्टीही चालली असती—" तो थांबला. "घरी पोचेपर्यंत मी पाणी पीत नाही."

त्याला दोनदा मूतखडा झाला होता. मी रसायनशास्त्र शिकलेय. पाणी कमी पडलं की लघवीतले क्षार साठून खडे होतात, इतकं सरळ आहे. झाडूंना खोली, आणि माणसाच्या पोटात दगड. माझी कानशिलं तापली.

चावी वॉर्ड ऑफिसात होती. साहेबांनी आमचा अर्ज बाजूला सारला. "अशी माणसं किती? एकासाठी दार उघडायचं?"

"एकासाठी का नाही?" माझा आवाज चढला.

टेबलाखाली प्रांजलने माझं बोट धरलं. "अजून ओरड, अक्षता. छान दिसतेस."

"गप रे."

दार उघडलं नाहीच. दुसऱ्या दिवशी मंजुळामावशी बाजारातल्या बायका घेऊन वॉर्ड ऑफिसात आली, पाट्यांसकट. बर्फाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. साहेबांच्या केबिनला स्वतःचं शौचालय होतं. तिने त्यापुढे रांग लावली.

"दोन संडासांत आमचंच भागत नाय, साहेब. आणि माझा पोर तर कुठंच जात नाय. त्याचा नंबर पहिला."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. प्रांजल दाराशी घुटमळला. मी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला... मग सोडला. तो आत गेला.

रांग अर्धी व्हायच्या आत शिपाई चावी घेऊन बाजाराकडे पळाला.

पुढच्या सकाळी मी पाटीशेजारी बाटली ठेवली, काठोकाठ भरलेली.

"आता पिशील?"

"तू आणलीस तर. रोज."

"रोज म्हणजे किती दिवस?"

"तू सगळं मोजतेस गं..." तो खवले काढत राहिला, वर न बघता. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे मोजू नकोस."

"नाही मोजणार," मी म्हणाले. "माझंही आहे."

दुपारी बाजार उठला. बाटली एक लिटरची होती. तळाशी शंभर मिलिलिटर पाणी उरलं होतं.