चार काळे प्लग

"पाना घसरला तर माझं बोट सोलवटेल, तुझं नाही! नीट धर!" आवडी दबक्या आवाजात ओरडली.

"धरलाय! तूच घाई करतेयस," रऊफ म्हणाला. "आणि हळू बोल. अब्बा उठले तर आपली धडगत नाही!"

मे महिन्याची टळटळीत दुपार होती. महाडला जुल्फिकारचाचांच्या अंगणात, फणसाच्या सावलीत, त्यांची काळी टॅक्सी बॉनेट उघडून उभी होती आणि चाचा आत घोरत होते. रऊफची धाकटी बहीण आयशा दारात पहाऱ्याला बसली होती. घोरणं थांबलं की तिने खोकायचं, असं ठरलं होतं. पण पोरगी इतकी हौशी, की उगाच मधूनमधून खोकून बघत होती आणि दोघांच्या छातीत धस्स होत होतं.

सुट्टीतलं पोहणं आणि कैऱ्या सोडून हा उद्योग करायचं कारणही तसंच होतं. आवडीचे बाबा मुरारी हे महाडातले फिटर. चाचांच्या गाडीत नवे प्लग त्यांनीच बसवले होते. तरी पोलादपूरच्या रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडत होती. काल चाचा बाबांच्या गॅरेजात येऊन सगळ्यांदेखत गरजले होते, "नवे म्हणून जुनेच प्लग घासूनपुसून बसवलेस, मुरारी! बाजाराच्या दिवशी स्टँडवर सगळ्या मोटारवाल्यांना सांगतो की नाय बघ!"

बाजाराचा दिवस उद्यावर आला होता. चाचांनी तसं सांगितलं, तर बाबांच्या दारात पुन्हा एकही गाडी उभी राहणार नव्हती. बाबा रात्री न जेवताच झोपले. आणि तेव्हापासून आवडीच्या मनात एक घाणेरडी शंका शिरली होती. प्लग खरंच जुने असले तर? तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण शंका काही जात नव्हती.

चारही प्लग निघाले. तारांची अदलाबदल होऊ नये म्हणून आयशाने आधीच प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला होता. रऊफने प्लग ओट्यावर ओळीने मांडले आणि शीळ घातली. प्लग काळेकुट्ट होते!

"बघ! जुनेच आहेत!"

आवडीने ब्लेडच्या तुकड्याने एका प्लगवरची काजळी खरवडली. खालची चिनीमाती पांढरीशुभ्र निघाली. मग तिने टोकाच्या कडेवरून नख फिरवलं.

"रऊफ, तूही फिरवून बघ! प्लग वापरून जुना झाला की टोकाच्या कडा झिजून गोल होतात. ह्या कशा आहेत?"

"अरे, ह्या तर टोचतायत!"

"म्हणजे नवेच!" आवडीला एकदम रडूच आलं. तिने डोळे फ्रॉकच्या बाहीला पुसले.

"पण मग काळे कशाने झाले?"

"पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली, की काजळी धरते. कंदिलाची वात फार वर केल्यावर काच काळी होते ना, तशी."

रऊफचे डोळे बारीक झाले. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम काहीतरी करतंय! आवडी, जाताना गाडी कधीच बंद पडत नाही. नेहमी परत येतानाच पडते."

"म्हणजे जे काही होतं ते पोलादपुरात!"

"सयाजी!" दोघं एकदमच म्हणाले. सयाजीची टॅक्सी पोलादपूरच्या स्टँडवर असायची. चाचांची गाडी बिघडली की गिऱ्हाइकं त्यालाच मिळणार, मग आणखी पुरावा कशाला हवा?

इतक्यात आयशा खोकली. या वेळी खरोखरच! मग काय धांदल! बोलता बोलता पेट्रोलने आणि ब्रशने साफ केलेले प्लग भराभर जागेवर गेले, दोरा बघून तारा लागल्या, आणि बॉनेट खाली येतंय तोच चाचा दारात उभे!

"काय चाललंय रे तिकडं?"

"उंदीर, अब्बा! गाडीत उंदीर शिरला होता!"

"गेला पण, चाचा," आवडी साळसूदपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रऊफच्या आत्याला आंबे पोचवायचं निमित्त काढून दोघं चाचांबरोबर पोलादपूरला निघाली. जाताना गाडी कशी सुरेख पळाली! स्टँडवर चाचा चहाला गेले आणि दोघं हमालांच्या गोण्यांआड दबा धरून बसली.

थोड्याच वेळात सयाजी आला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच चाचांच्या गाडीपाशी गेला!

"आता पकडू!" रऊफ पुटपुटला.

सयाजीने खिशात हात घातला आणि छोटी फणी काढली. गाडीच्या आरशात वाकून त्याने मिशा विंचरल्या, स्वतःवर खूश होऊन हसला आणि निघून गेला.

"शी!" रऊफ म्हणाला. "म्हणजे हा नव्हेच!"

परतीच्या वेळी नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर दत्ताराम नाना येऊन बसले; महाडहून घरी मात्र ते एसटीने जात. नाना कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. नवे पैसे येऊन वर्षं झाली, तरी ते भाडं आण्यांतच बोलत. त्यांच्या शब्दाला पोलादपुरात मोठा मान होता. प्लग जुने असणार, हे चाचांच्या डोक्यात भरवणारेही तेच.

पुढच्याच चढणीला गाडीने गचके दिले. मागे काळाकुट्ट धूर निघाला आणि इंजिन फट्‌ फट्‌ करून गप्प झालं.

"मी म्हणत होतो ना, जुल्फिकार!" नाना गरजले. "त्या मुरारीची लबाडी!"

आवडीचे कान तापले. पण तिचे डोळे भलतीकडेच खिळले होते. खाली उतरताना नानांनी समोर टांगलेली आपली पिशवी काढली आणि ती ज्या बटणाला अडकवली होती, ते नीटनेटकेपणाने पुन्हा आत ढकललं.

ते चोकचं बटण होतं! सकाळी गार इंजिन सुरू करताना तेवढ्यापुरतं ओढायचं, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोल जास्त जातं.

"रऊफ!" तिने त्याला कोपरखळी मारली. "पिशवी! नानांच्या पिशवीने चोक ओढला जातो. पिशवीमुळे बटण चाचांना दिसत नाही, आणि उतरताना नाना ते स्वतःच आत ढकलतात!"

"सांगू या अब्बांना!"

"नानांसमोर? आपल्यालाच ओरडा बसेल. थांब."

चाचांनी प्लग काढून पुसले. पुन्हा निघताना आवडी गोड आवाजात म्हणाली, "नाना, पिशवी द्या ना, मी सांभाळते. तुम्ही आरामात बसा."

"शहाणी पोर आहे!" नाना खूश झाले. पिशवीत नारळ आणि भला थोरला पितळी पानडबा होता. आवडीच्या मांड्या दुखून आल्या, पण गाडी महाडपर्यंत एकदाही खोकली नाही.

बाजाराचा दिवस, त्यामुळे स्टँडवर मोटारवाले जमलेच होते. चाचांचा निरोप मिळाल्यामुळे बाबाही आले होते, मान खाली घालून. चाचांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आवडी ओरडली, "चाचा, इंजिन बंद करू नका! एक गंमत बघा!"

तिने खिडकीतून हात घालून पिशवी बटणाला अडकवली. गाडी गचके देऊ लागली. भसाभस काळा धूर! तिने पिशवी काढून बटण आत ढकललं. थोड्या वेळात इंजिन पुन्हा संथ चालू लागलं. तिने पुन्हा अडकवली, पुन्हा धूर!

सगळ्यांच्या नजरा नानांकडे वळल्या. नानांनी टोपी काढून घाम पुसला.

"म्हणजे लबाडी माझ्या पिशवीची होय!" ते म्हणाले आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभे राहिले. "मुरारी, तुझ्यावर खोटा आळ घेतला मी. सगळ्यांदेखत माफी मागतो."

चाचांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "माझं चुकलं, मुरारी. पिशवी माझ्या डोळ्यांसमोर होती रं, आणि मी तुझ्यावर ओरडलो! पोरं आपल्यापेक्षा हुशार हायत!"

"आणि उंदरांपेक्षाही, अब्बा!" रऊफ म्हणाला, आणि चाचांना आता कुठे कालच्या उंदराचा उलगडा झाला.

घरी जाताना बाबांनी आवडीच्या नखांतली काजळी पाहिली.

"प्लग तू काढलेस?"

"हो."

"तुलापण शंका आली होती?"

आवडीने मान खाली घातली आणि हळूच होकारार्थी हलवली.

बाबा म्हणाले, "शंका सगळ्यांनाच आली होती, गो. पण पाना हातात घेऊन बघितलंस ते तू एकटीनं. उद्यापासून गॅरेजात येत जा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता पाय उचल. आईला भाकऱ्या टाकायला सांग. मला सडकून भूक लागलीय!"