खाचेत कोण बसलं होतं?

"राजीनामा मी देणार नाही," ती दारातूनच म्हणाली.

वहिनींनी तिला बसवलं, भाऊजींनी पाणी पुढे केलं. खासगी तपास हा वहिनींचा व्यवसाय. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. कायम सोबत, आणि समजायला कायम एक पाऊल मागे.

ती संशोधक होती. यकृतातलं एक एन्झाइम साखर तयार करतं आणि मधुमेहात ते आवरता आवरत नाही. त्याला एक खाच असते. आपलं औषध त्या खाचेत बसून एन्झाइमला गप्प करतं, हे तिने त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून दाखवलं होतं. ती रजेवर असताना प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी प्रयोग पुन्हा केला, तर औषधाचा पत्ताच नाही. संध्याकाळी पाचला चौकशी समिती बसणार होती. त्याआधी राजीनामा दे, नाहीतर बनावट पुराव्याचा ठपका घे, असं प्रमुखांनी बजावलं होतं!

क्ष-किरणांआधी स्फटिक गोठवतात आणि बर्फाने तो फुटू नये म्हणून आधी एका द्रावात बुडवतात. तिथे सगळे ग्लिसरीन वापरत. तिचा त्यावर भरवसा नव्हता. ती साखरेच्या पाण्यात औषध मिसळून वापरायची आणि तसं वहीत लिहून ठेवलं होतं.

वहिनी आणि भाऊजी प्रयोगशाळेत गेले. यंत्र चालवणाऱ्याने हात झटकले. गोठवलेला स्फटिक आला की तो यंत्रावर लावायचा, त्याचं काम एवढंच. त्याने पडद्यावर प्रमुखांच्या प्रयोगातून निघालेलं नवं चित्र दाखवलं. एकेक गोल ठिपका म्हणजे पाणी, हेही सांगितलं. खाचेत तीन गाठींचा एक छोटा पुंजका होता. प्रमुखांनी तेही पाणीच म्हणून सोडून दिलं होतं. भाऊजींनी मान डोलावली.

तिचा सहकारी घाबरलेला होता. प्रमुखांच्या प्रयोगासाठी औषध घातलेला साखरेचा द्राव त्यानेच केला, बाटलीच्या तोंडावर पट्टी गुंडाळली, पट्टीवर सही केली. मग प्रमुखांनी त्याला द्रवरूप नायट्रोजन आणायला पिटाळलं. परत आला तोवर स्फटिक बुडवून तयार होता. बाटली अजून फळीवरच होती. वहिनींनी ती फिरवून पाहिली. पट्टी आणि सही, दोन्ही अखंड.

प्रमुख मात्र निवांत. तिच्याच कृतीबरहुकूम साखरेत बुडवला म्हणाले. त्यांच्या भिंतीवर याच एन्झाइमचं दहा वर्षांपूर्वीचं चित्र टांगलं होतं. ही खाच बंदच असते, तिथे काही शिरत नाही, या शोधावर त्यांचं नाव झालं होतं. वहिनी त्या चित्राला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या.

पाच वाजता समितीपुढे वहिनी सरळ मुद्द्यावर आल्या.

"पाण्याचा एकच ठिपका दिसतो. खाचेत तीन गाठी आहेत, आणि ग्लिसरीनच्या रेणूचा आकार नेमका तसाच असतो. साखरेची बाटली तर उघडलेलीच नाही. म्हणजे स्फटिक ग्लिसरीनमध्ये बुडवला. त्यात औषध नव्हतं, म्हणून स्फटिकात आधी मुरलेलं धुऊन गेलं आणि जागा ग्लिसरीनने घेतली. सहकारी बाहेर होता, यंत्राकडे स्फटिक गोठूनच गेला. मग बुडवला कोणी?"

प्रमुखांनी समोरची फाइल मिटली.

"पण त्यांनी हे का करावं?" भाऊजींनी विचारलं.

"कारण तोच पुंजका त्यांच्या भिंतीवरच्या चित्रातही आहे, भाऊजी. खाच बंद कधीच नव्हती. तेव्हाही आत ग्लिसरीनच बसलं होतं. हिचं औषध खरं ठरलं, की यांचा शोध खोटा."

अध्यक्षांनी तिला विचारलं, तुमचं काय म्हणणं? उद्या सकाळी सगळ्यांसमोर स्फटिक मीच गोठवणार, ती म्हणाली.

तेव्हा प्रमुख तिच्याकडे वळले. "माझ्या त्या चित्राच्या आधारावर पंधरा जणांनी डॉक्टरेट मिळवली. सगळ्यांना बुडवणार आहेस?"

"त्या पंधरांत मीही आहे, सर," ती म्हणाली. "पहिला प्रबंध माझाच तपासा."