शेवटची गल्ली आधी पडते

“दोनशे बाटल्या! एकही कमी चालणार नाही!” वकील म्हणाला. “तराफा बुडाला तर मी जबाबदार नाही.”

“तू कशालाच जबाबदार नसतोस,” भिंगरी म्हणाली.

“आणि मी आधीच सांगते, मधे मी बसणार!” ढोल ओरडली. शेजारच्या घरातली ही मुलगी हळू बोलली तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचं.

सुट्टीचा तिसरा दिवस होता. तराफ्यासाठी रिकाम्या बाटल्या जमवायला ही तिघं शाळकरी मुलं सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये आली होती. भिंगरीचे बाबा चालवायचे ती सकाळची कचरागाडी नुकतीच रिकामी झाली होती आणि ढिगाभोवती सहा बायका पुठ्ठा, पत्रा, काच वेगळं करत बसल्या होत्या. त्यांतली एक वकीलची आई, म्हणजे भिंगरीची आत्या. भिंगरीची आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून भिंगरीची वेणी, डबा आणि बोलणी, सगळं आत्याकडेच होतं.

“घ्या रे, ही मोठी आहे!” आत्याने ढिगातून एक जाड बाटली ओढली. “एकटी दहांच्या बरोबरीची...”

आणि ती किंचाळली.

गाडीत दाबली जाऊन बाटली चिरली होती. चिरेतून तीन-चार सुया बाहेर आल्या होत्या. इंजेक्शनच्या सुया! आत्याच्या तळहातातून रक्त येत होतं. हातात नावाला एक मोजा होता, तोही अंगठ्यापाशी फाटलेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. मग त्या बराच वेळ आत्याचे जुने कागद वाचत बसल्या.

“दोन वर्षांपूर्वी मोठी कावीळ झाली होती ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “सुई कुणाची ते माहीत नाही. त्या माणसाच्या रक्तात काही असेल तर ते तुमच्यात येऊ शकतं. म्हणून आजच औषध सुरू करते. महिनाभर घ्यावं लागेल.”

“मग घेईन की.”

“तुमचं यकृत आधीच नाजूक आहे. एक-दोन दिवस निभेल. महिनाभर निभेल का, ते मी सांगू शकत नाही. सुई कुणाची ते कळलं, आणि तो माणूस निरोगी निघाला, तर हे लगेच बंद करता येईल.”

“कचऱ्यातल्या सुईचा मालक कुठे सापडायचा?” आत्या हसायला गेली. तिला हसता आलं नाही.

बाहेर आल्यावर वकील भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “ती बाटली आपल्यासाठी काढत होती,” एवढंच तो म्हणाला. वाद घातल्याशिवाय दिवस न जाणारा हा मुलगा! भिंगरीला त्याच्याकडे बघवेना.

“चल,” ती म्हणाली. “ढीग अजून तिथेच आहे.”

“ढिगाला काय विचारणार? बाबा रे, तू कुणाचा?” ढोलने विचारलं.

“हो, तेच विचारायचंय! बाबांची गाडी मागून भरते आणि मागूनच ओकते. म्हणून शेवटची गल्ली आधी पडते. ओकत ओकत गाडी पुढे सरकते. म्हणजे शेवटच्या गल्लीचा कचरा भिंतीशी, पहिल्या गल्लीचा दारापाशी. बाकीच्या मधे, ओळीने! बाबांच्या शेजारी बसून मी शंभर वेळा फिरलेय. बाराही गल्ल्या पाठ आहेत मला.”

शेडमध्ये मुकादम घड्याळ बघत होता. “पोरांनो, चला, निघा! बारा वाजता ढीग दाबयंत्रात जाणार.”

“काका, दहा मिनिटं थांबा ना. आत्याला लागलंय, आम्हाला फक्त...”

“लागतंच कचऱ्यात! इथे काय गाद्या निवडायला बसतात का? आणि दवाखान्यात शेडचं नाव सांगू नका, कळलं?”

त्याच्या पाठीमागे कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत नव्या कोऱ्या जाड चामडी हातमोज्यांचे गठ्ठे दिसले. भिंगरी एका बाईच्या कानाशी लागली. “मावशी, ते मोजे?”

“तपासणीच्या दिवशी देतो. संध्याकाळी परत घेतो,” बाई कुजबुजली.

भिंगरीच्या डोक्यात सणक गेली. तिने ढोलला कोपराने ढोसलं. “सुरू हो.”

“टाकीऽऽ!” ढोल अशी ओरडली की पत्रे थरथरले. “गॅसची टाकीऽऽ! ढिगात!”

ढिगात टाकी दिसली की सगळं थांबवून सगळ्यांनी बाहेर पडायचं, असा नियम होता. सर्वांत आधी बाहेर पडला मुकादम! एक चप्पल आतच राहिली.

तिघं मात्र आत राहिली. भिंगरीने लांब चिमटा घेतला. हाताने काही उचलायचं नाही, असं तिने दोघांना बजावलं. चिरलेली बाटली जिथे होती तिथेच पडलेली होती.

“भिंतीच्या बाजूला काय आहे?”

“रंगीत कागदाच्या कातरणी. पोतंभर!” वकील म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. “छापखाना!”

“दाराच्या बाजूला मैद्याच्या पिशव्या. बेकरी!” ढोल म्हणाली.

“बेकरीनंतर आणि छापखान्याआधी एकच गल्ली लागते. शाळेमागची!”

बाटली ज्या पिशवीतून निघाली होती, ती भिंगरीने चिमट्याने उलटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं. अर्धवट विणलेला लोकरीचा मोजा. आणि बाईमाणसाचा एक चष्मा, काडीला दोरा गुंडाळलेला.

शाळेमागच्या गल्लीत एकतीस घरं होती. पहिल्या सहा घरांत वकीलने सरळ विचारलं, “तुमच्याकडे इंजेक्शन घेतं का कुणी?” सहाही दारं तोंडावर आपटली.

“असं विचारलं तर कोण कबूल होईल?” भिंगरी म्हणाली. तिने धुतलेला चष्मा तळहातावर ठेवला. “हा चष्मा कुणाचा हरवलाय का?” असं ती विचारू लागली. आता दारं उघडी राहू लागली. लोक वाकून बघायचे, मान हलवायचे.

एकोणिसाव्या घरात एका म्हाताऱ्या आजोबांनी दार उघडलं. चष्मा पाहून त्यांनी चौकट धरली.

“तो हरवलेला नाही,” ते म्हणाले. “मी टाकला.”

त्यांची बायको जाऊन अठरा दिवस झाले होते. चार महिने नर्स घरी येऊन इंजेक्शन देत होती. सुया कुठे टाकायच्या ते तिने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

“काल कपाट आवरलं. जाड बाटलीत भरल्या म्हणजे झालं, असं वाटलं मला. नीट बघितलंच नाही. बघवतच नव्हतं.”

वकील ताडकन बोलणार होता. भिंगरीने त्याचा दंड धरला.

“आजोबा, माझ्या आत्याला त्यातली सुई लागलीय. आजींच्या तपासण्यांचे कागद आहेत का हो?”

आजोबा खाली बसले. मग उठले, आत गेले आणि छातीशी धरून एक फाईल घेऊन आले. “फक्त हीच टाकली नव्हती. थांबा, मीही येतो.”

दवाखान्यात ढोलने मोज्यांचं कपाट, टाकी, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी फाईल वाचली. हॉस्पिटलात फोन करून तारखा पडताळल्या. शेवटी औषधाच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली.

“सगळं स्वच्छ आहे. औषध बंद! तीन महिन्यांनी एकदा रक्त तपासू. पोरांनो, एवढं शोधून काढायला आमचीही माणसं धजली नसती. शाबास!” मग त्यांनी दुसरा कागद ओढला. “आता मला त्या कपाटाबद्दल सांगा. हे वरच्या साहेबांना कळवायला हवं. आणि त्या टाकीबद्दलही.”

“टाकी नव्हती,” भिंगरी म्हणाली. “मीच ओरडायला सांगितलं.”

“ते मी लिहीत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबा गेल्यावर आत्या दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, “मी त्यांना काय बोलू? तुझी आई गेली तेव्हा तिची औषधं, तिचं सगळं मीच कचऱ्यात द्यायला भरलं. दोन पोती. डोळे मिटून भरली. भिंगरे, तेव्हा कुणाच्या हाताला काही लागलं असेल का गं?”



भिंगरीचे बाबा गाडी लावून आले होते आणि दारातच उभे होते. आईबद्दल ते कधी बोलत नसत.

“त्या दिवशी ती पोती मीच उचलली,” ते म्हणाले. “गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही उघडून एकेक वस्तू बघितली. लागण्यासारखं काही नव्हतं.”

ते आत आले आणि भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून खाटेच्या कडेला बसले.