दुपारी दोनची कूस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. सत्यशीला माझी सख्खी मावसबहीण. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून खो-खो हसणारी बाई. हे सांगताना मात्र तिच्या हातातल्या चहावर साय धरली, तरी तिनं एक घोट घेतला नव्हता.

आणि हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे.

गेल्या वर्षीचा मार्च. नांदेडात देगलूर नाक्याजवळचं एक घर. वेळ दुपारी दोन.

सत्यशीला मूळची जळकोटची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा करायची, हे तिचं काम. एक संस्था तिला पाठवते. नांदेडला तिच्याकडे गफूरचाचा होते. जन्मभर शिलाई केलेला माणूस, आता अर्धं अंग लुळं. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही तर पाठीला जखमा होतात.

त्या मंगळवारी ती हात धुऊन खोलीत आली...

चाचा आधीच डाव्या कुशीवर होते. पाठीमागे उशी. गुडघ्यांच्या मधे घडी घातलेली चादर. अगदी ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसं.

"जाहिदाभाबी, तुम्ही वळवलं का चाचाला?"

"नै बा," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी तर भाकऱ्या करून राहिले."

बुधवारी पुन्हा तेच.

गुरुवारी सत्यशीला दोनला पाच कमी असतानाच दाराबाहेर उभी राहिली. आत सगळं सामसूम. मग पलंग करकरला...

ती धावत आत गेली. चाचा उजव्या कुशीवर. खोलीत दुसरं कोणी नाही.

"चाचा, कुणी वळवलं?"

"तुझ्यासंगची म्हातारी," चाचा सहज म्हणाले. "हात लई थंडे हायत तिचे. पण बेटी, ती आधी इचारती. बाबा, कूस बदलू का, पाठीची आग व्हायली का. तू न्हाई इचारत."

सत्यशीलानं खोलीभर नजर फिरवली.

पाठीची आग व्हायली... हे शब्द तिनं रोज ऐकले होते. लातुरात. कावेरीबाईंच्या तोंडून.

कावेरीबाई तिच्या आधीच्या पेशंट. औसा रोडला मुलाकडे, अंगदकडे असायच्या. तिथे भिंतीवर एक तक्ता होता. दर दोन तासांनी कूस बदलली की खूण करायची. आमची शहाणी दिवसभराच्या खुणा सकाळीच करून मोकळी व्हायची. मग बारा ते चार तिथंच खाली पाठ टेकायची. मोबाईल बघता बघता डोळा लागायचा.

म्हातारी हाक मारायची, "सत्यशीला, पाठीची आग व्हायली गं."

ही डोळे न उघडता म्हणायची, "आजी, आत्ताच तर वळवलं की."

दुखण्यानं कावेरीबाईंना वेळेचं भान उरलं नव्हतं. "वळवलं का? बरं बरं," त्या म्हणायच्या. "मलाच ध्यानात ऱ्हाईना बघ."

पाठीला जखम झाली. जखमेत पू झाला. अठरा दिवसांत सगळं आटोपलं.

तेराव्याला घरच्यांनी सत्यशीलाला साडी दिली. आईचं लई केलंस, म्हणाले. तिनं मान खाली घालून ती साडी घेतली. आजवर घडी मोडलेली नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी तिनं अंगदला फोन लावला.

"दादा, मी खोटं बोलले. दुपारचं मी आजीला वळवतच नव्हते."



"मला ठाऊक व्हतं, ताई," अंगद म्हणाला. "मी दारातून बघितलं व्हतं. तू झोपली व्हतीस. वास यायचा, म्हणून मी बी आत आलो न्हाई."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. आणि ही तरी कुठल्या तोंडानं मागणार होती?

शुक्रवारी ती दीड वाजल्यापासून चाचांच्या उशाशी बसली. घरातले पुरुष नमाजला गेलेले. दोन वाजले.

"चाचा, कूस बदलू का?" तिनं पहिल्यांदाच विचारलं. चाचा खूश झाले. तिनं स्वतःच्या हातांनी त्यांना वळवलं, उशी लावली. काहीच झालं नाही. तिच्या जिवात जीव आला.

चाचा तिच्या खांद्यावरून मागे बघत होते...

"म्हातारी आली बघ. दिवाणावर निजली."

खिडकीखालचा दिवाण रिकामा होता.

पण गादी मधोमध दबलेली होती...

"काय म्हणती, चाचा?"

"म्हणती, इतके दिवस मी हिचं काम केलं. आता हिला म्हणावं, माझी कूस बदल."

पळून जावंसं वाटलं, असं ती म्हणाली. पण एकदा पाठ फिरवून झाली होती. ती दिवाणापाशी गेली, गुडघ्यावर बसली. "आजी, वळवू का?" असं विचारलं आणि रिकाम्या हवेत हात घातले.

हाताला वजन लागलं.

आणि तळव्यांना ओल...

या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. चाचा अजून आहेत. सत्यशीलानं एकही सुट्टी घेतलेली नाही. एखादी शांती करून घे, असं मी तिला सुचवलं.

"शांती कशाची करू?" ती म्हणाली. "म्हातारी काय वाईट करती का? पाठ दुखती तिची, म्हणून येती."

रोज दोन वाजता ती विचारते, हात घालते, वळवते. परवा मी भीत भीत तिला म्हटलं, एवढं करतेस, मग जखम भरत आली असेल ना?

तिनं पदराला हात पुसले.

"न्हाई. वाढायली."